चौथ्या घरची भाकर

म्हाताऱ्या नोलबेर्तोच्या दाराला कुलूप होतं. बाहेरून लावलेलं, पितळी, कोरं करकरीत. इस्मेनिया जिन्याच्या त्या अरुंद वळणावर उभी राहून आधी नुसती कुलपाकडेच पाहत राहिली, कारण नोलबेर्तो कित्येक वर्षांत खाटेवरून उठला नव्हता आणि जो उठत नाही त्याच्या दाराला कुलूप लागायचं कारण नसतं. एरवी दार नुसतं लोटलेलं असायचं. ढकललं की आतून घोगरा आवाज यायचा, या, पाय पुसून या, देवाला चिखल आवडत नाही. बंदरावर क्रेन चालवण्यात जन्म गेलेला माणूस. खाटेवर पडल्या पडल्याही हुकूम सोडायचा. तिनं दाराची कडी दोनदा वाजवली. कुलूप दिसत असताना कडी वाजवण्यात काही अर्थ नाही हे कळत असूनही माणूस वाजवतो. वरच्या कठड्यावर कपडे वाळत घालणारी शेजारीण खाली वाकून म्हणाली, "त्याला काल मुलानं नेलं की. किल्पुएला, स्वतःच्या घरी. कायमचंच. तुम्हाला कुणी बोललं नाही होय?"

"नाही."

"बघा आता. एवढा चढ चढून आलात तुम्ही. तुम्ही म्हणून, दोन्या इस्मेनिया. दुसरी कुणी असती तर शिव्या घातल्या असत्या."

दोन्या, म्हणजे बाईसाहेब, असंच टेकडीवर सगळे तिला मानानं म्हणत. इस्मेनिया हसली. हे हसू तिच्या तोंडावर आपसूक यायचं, दिव्याचं बटण दाबल्यावर उजेड यावा तसं. शिव्या तिच्याही तोंडात होत्या, अगदी रांगेनं उभ्या होत्या. पण गळ्यात देव होता.

गळ्यात म्हणजे खरोखरच गळ्यात. कोटाच्या आत, छातीवर, एका पांढऱ्या कापडी पिशवीत पितळेची चपटी डबी. रविवारी सकाळची मिस्सा, चर्चमधली मोठी प्रार्थना, संपली की फादर एलादियो वेदीमागच्या पेटीतून पवित्र भाकरीच्या, म्हणजे खुद्द देवाच्या, चार पांढऱ्या चकत्या काढून त्या डबीत ठेवत आणि डबी तिच्या हातात देत. टेकडीवरच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या चार घरांसाठी. डबी गळ्यात असताना वाटेत थांबायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, भाजी घ्यायची नाही, सरळ पहिल्या घरी जायचं आणि सरळ पुढच्या घरी. वालपाराइसोच्या या टेकडीवर अजून अशी जुनी माणसं होती जी तिला जिन्यावर पाहिलं की टोपी काढून भिंतीला चिकटून उभी राहत. ती टोपी आपल्यासाठी नाही, आत बसलाय त्याच्यासाठी आहे, असं इस्मेनिया स्वतःला दर वेळी बजावायची. तरी पण कुणी टोपी काढली नाही तर ते तिच्या लक्षात राहायचं.

आज तीन घरं झाली होती आणि चौथी चकती उरली होती. उरलेल्या चकतीचं काय करायचं हेही ठरलेलं होतं. कुणी गुंगीत असलं, कुणाला दवाखान्यात हलवलं, तर नेणाऱ्यानं ती तिथंच प्रार्थना म्हणून स्वतः खायची, नाहीतर चर्चमध्ये परत नेऊन पेटीत ठेवायची. आतापर्यंत तिनं कितीदा तरी अशी खाल्ली होती, दोन पायऱ्यांच्या मध्ये, समुद्राकडे तोंड करून, मनात फारसं काही न येता. आज ती खाऊ शकत नव्हती. आज मिस्सेतही ती रांगेत उभी राहिली नव्हती. मेणबत्त्या बघून येते असं पुटपुटत बाजूच्या खोलीत गेली होती आणि सगळे खाऊन परत जागेवर बसेपर्यंत तिथं कापडाच्या घड्या घालत राहिली होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. इस्मेनियाच्या बाबतीत असं काही कुणाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं, कारण तिच्याबद्दल सगळ्यांनी सगळं आधीच ठरवून टाकलेलं होतं.

सकाळी तिनं आईला मारलं होतं. चर्चच्या वाटेवर ती मनातल्या मनात त्याला चापट म्हणून पाहत होती, मग टपली म्हणून पाहिलं, पण ते काही जमेना. मुस्काटात मारली होती. नव्वदीच्या, हाडांचा नुसता सापळा उरलेल्या बाईच्या मुस्काटात. रव्याची खीर होती, कोमट, गुठळ्या मोडलेली. आई घास गालात धरून ठेवायची आणि मग तिच्या डोळ्यांत डोळे घालून तो सावकाश हनुवटीवरून सोडून द्यायची, नुकत्याच घातलेल्या धुतल्या गाऊनवर. पहाटेपासूनचा तो तिसरा गाऊन. धुक्यामुळे आधीचे दोन वाळणार नव्हते. इस्मेनिया म्हणाली, आई, गीळ. मग म्हणाली, आई, मला उशीर होतोय, देवासाठी गीळ. आणि मग हात गेला. गेला म्हणजे काय, कुठून गेला, कुणी पाठवला? आपलाच हात आपल्याला न विचारता एवढा लांब जाऊन परत आला, आणि आईच्या गालावर चार बोटं हळूहळू लाल होत गेली. आईनं तिच्याकडे पाहिलं. ती आता मुलीला ओळखत नव्हती. घरात कामाला ठेवलेली कुणी बऱ्या घरची बाई समजायची. ती अदबीनं म्हणाली, "आभारी आहे हं, बाई."

यात सगळ्यात वाईट काय होतं हे इस्मेनियाला नेमकं ठाऊक होतं, आणि तो मार नव्हता. पुढचा घास आईनं मुकाट्यानं गिळला. त्याच्या पुढचाही. वाटी संपली. गेल्या कित्येक महिन्यांत वाटी इतक्या लवकर संपली नव्हती. आणि इस्मेनियाला एक क्षणभर, फक्त एक क्षणभर, मोकळं वाटलं होतं. उद्या सकाळी पुन्हा तीच वाटी, तोच चमचा, तेच तोंड येणार होतं, आणि हाताला आता वाट माहीत झाली होती. तिला देवाच्या कोपाची भीती वाटत नव्हती, नरकाचीही फारशी नाही. तिला उद्या सकाळची भीती वाटत होती.

मिस्सेनंतर तिनं फादरना गाठायचा प्रयत्न केला होता. फादर एलादियो भला माणूस, पण तीन टेकड्यांची तीन चर्चेस आणि एक खटारा ट्रक असलेल्या माणसाचा भलेपणाही धावतपळतच चालतो. एक पाय गाडीत, एक रस्त्यावर.

"फादर, मला पापनिवेदन करायचं होतं."

"तुम्हाला?" ते हसले. "तुमचं पाप म्हणजे काय असणार, मिठात साखर पडली? संध्याकाळी या, मिस्सेच्या आधी. वर लोक थंडीत उभे आहेत हो." आणि गाडी सुरू करताना खिडकीतून, "आईला माझा आशीर्वाद सांगा. काळजी करू नका. देव पाहून घेतो."

देव पाहून घेतो. हे वाक्य तिनं स्वतः किती खाटांपाशी उभं राहून म्हटलं होतं. म्हणताना ते खरं वाटायचं, ऐकताना नाही. ती जिना उतरायला लागली. चर्च बंद असणार हे तिला माहीत होतं; समया चोरीला गेल्यापासून दुपारी कुलूप असायचं आणि किल्ली फादरच्या खिशात. तरीही ती चर्चपर्यंत गेली, आणि बंद दाराची कडी वाजवण्याचा आजच्या दिवसातला दुसरा मूर्खपणा तिनं केला. पायरीवर झोपलेल्या कुत्र्यानं एक डोळा उघडून तिच्याकडे पाहिलं आणि मिटला. समोर समुद्र दिसत नव्हता, नुसतं धुकं, आणि धुक्यातून बंदरावरच्या कुठल्यातरी जहाजाचा भोंगा. छातीवर ती डबी गार लागत होती. खावी का? लहानपणी शाळेतल्या सिस्टरनं सांगितलं होतं, पापी तोंडानं भाकर खाल्ली की ती पोटात निखारा होते. तेव्हा इस्मेनियानं मैत्रिणीचा पेन्सिलीचा तुकडा चोरला होता आणि आठवडाभर ती पोटावर हात ठेवून झोपत होती. आता तिचे केस पांढरे झाले होते, निखारा वगैरे काही होत नाही हे तिला कळत होतं, आणि तरी हात डबीपर्यंत जाऊन परत येत होता. संध्याकाळपर्यंत इथंच पायरीवर बसून राहावं तर दुपारी बाराला नोएमी जाणार होती, आणि आई एकटी पडली असती. म्हणजे देवाला घेऊन घरीच जावं लागणार होतं. त्याच घरी.

हा सगळा घोटाळा नवसाचा होता. आईचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि इस्मेनिया दवाखान्यातून निघून महामार्गाच्या कडेनं रात्रभर चालत लो वास्केसच्या माउलीच्या देवळात गेली होती. डिसेंबरातले लाखभर लोक, कुणी चालत, कुणी रांगत, कुणी गुडघ्यांना चिंध्या बांधून. शेवटचा पल्ला तीही गुडघ्यांवर गेली. इतर बाया मेणबत्त्या, चांदीचे हातपाय, कापलेली वेणी असलं काहीबाही बोलत होत्या. इस्मेनियाला ते स्वस्त वाटलं. ती म्हणाली, माउली, तिला जगव. मी तिचं सगळं माझ्या हातांनी करीन, दुसऱ्या कुणाचा हात तिला लागू देणार नाही. बोलताना तिला स्वतःचा अभिमान वाटला होता, गुडघ्यांतून रक्त येत असतानाही वाटला होता. आणि नवस पावला. पावला हीच पंचाईत झाली. आई जगली, आणि जगतच राहिली. आधी पाय गेले, मग नावं गेली, मग मुलगी गेली. चर्चमधल्या बायकांनी आळीपाळीनं येतो म्हटलं. इस्मेनियानं हसून नको म्हटलं. भावाची बायको अंतोफागास्ताहून महिनाभर राहायला येते म्हणाली, नको म्हटलं. नवस बोललाय मी, म्हणायची, आणि समोरच्याचा चेहरा कसा बदलतो ते पाहायची. फादरना विचारलं असतं तर त्यांनी नवस हलका करून दिला असता, तसा देतात, सगळ्यांना माहीत आहे. तिनं विचारलं नव्हतं. रविवारी ती देवाच्या कामाला बाहेर पडायची तेवढा वेळ फक्त शेजारची नोएमी येऊन बसायची. नुसती बसायची. हात लावायचा नाही असं इस्मेनियानं तिला बजावून ठेवलं होतं.

नोएमी गिटारवाल्यांपैकी. टेकडीवरचे जुने कॅथलिक तिच्या प्रोटेस्टंट पंथाला असंच म्हणत, कारण रविवारी संध्याकाळी ते लोक पांढरे सदरे आणि लांब झगे घालून कोपऱ्याकोपऱ्यावर गिटारी वाजवत, ओरडून ओरडून पापाची कबुली देत. नोएमी त्यात मँडोलिन वाजवायची, आणि आठवडाभर बस थांब्यावर हातगाडीवर भोपळ्याचे घारगे तळून विकायची. नवरा दारूनं गेलेला. तिच्या केसांना कायम तेलाचा वास. एकाच जुन्या घराचे दोन तुकडे करून दोघी राहत होत्या, तरी इस्मेनिया तिच्याशी बोलताना आवाज थोडा वरून लावायची, चुकलेल्या लेकराशी बोलावं तसा.

दार उघडलं तेव्हा नोएमी आईच्या खुर्चीशेजारी मोजा रफू करत बसली होती. तिची नजर इस्मेनियाच्या गळ्याकडे गेली.

"हे काय, अजून गळ्यातच? आज घरी जेवायला आणलंत की काय त्याला?"

"नोलबेर्तोला किल्पुएला नेलं. चर्च बंद."

"मग खाऊन टाका. पावच तर आहे."

"तुला नाही कळायचं ते."

"नाही कळत बाई. आमच्या पवित्र आत्म्याला पंख असतात, तो डबीत मावत नाही." ती हसली, दात लावून दोरा तोडला. "म्हातारी शहाण्यासारखी बसली होती. पाणी पण प्याली."

"पाणी? कुणी पाजलं?"

"मी. दुसरं कोण आहे इथं?"

"मी तुला सांगितलं होतं, नोएमी."

"तहान लागली होती तिला," नोएमी म्हणाली. तिनं मोजा घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवला, आईच्या गालाकडे एकदा पाहिलं, आणि गेली. गालावर आता काही दिसत नव्हतं. निदान इस्मेनियाला दिसत नव्हतं, आणि ती पुन्हा पुन्हा तिथंच पाहत होती.

डबी गळ्यात घालून घरकाम करता येत नाही. ती कुठं ठेवायची? खाटेला खिळलेल्यांच्या घरी ती जायची तेव्हा टेबल आधीच मांडलेलं असायचं, पांढरं कापड, मेणबत्ती, पाण्याचा पेला. कुणाचं कापड इस्त्रीचं, कुणाचं पिवळं पडलेलं, ते तिला पाठ होतं. स्वतःच्या घरी असं टेबल मांडायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती. आईला भाकर मिळत नसे; ती थुंकेल, विटंबना होईल, म्हणून तिनंच फादरना नको म्हणून सांगितलं होतं. टेकडीभर देव वाटत फिरणारी बाई, आणि तिच्याच घरात देव आज पहिल्यांदा आला, तोही चौथं घर बंद निघालं म्हणून. तिनं उशीचा अभ्रा टेबलावर पसरला. वीज गेली की लावायची ती जाडी मेणबत्ती लावली. डबी मध्ये ठेवली आणि समोर उभी राहिली. प्रार्थना येईना. जे आलं ते वेगळंच होतं. बस, ती मनात म्हणाली. आता बस इथंच संध्याकाळपर्यंत. पाहून घेतोस ना, मग पाहा.

आणि तिनं त्याला सगळं दाखवलं. आईला कुशीवर वळवताना पाठीतून जो आवाज येतो तो दाखवला. ओला कपडा काढताना आई मूठ आवळून जी किंकाळी फोडते ती ऐकवली. टाचेवरची जखम, जी बरी होते आणि पुन्हा उघडते. खोलीतला तो वास, ज्याच्यावर युकॅलिप्टसची पानं उकळून काही उपयोग होत नाही. भावाचा फोन आला तेव्हा तिनं फोनचा आवाज मोठा करून टेबलावर ठेवला, डबीशेजारी.

"कशी आहे आई?" भाऊ विचारत होता.

"तशीच."

"तू आहेस म्हणून मी इथं निर्धास्त झोपतो, इस्मे. संत आहेस तू, संत. बायकोला रोज सांगतो मी." मागे कुठंतरी फुटबॉलचा सामना चालला होता. "बाकी काय?"

बाकी काय. ते तिच्या जिभेवर आलं होतं. "बाकी काही नाही," ती म्हणाली.

ऐकलंस? तिनं डबीला विचारलं. डबी पितळेची होती, मेणबत्तीचा उजेड तिच्यावर हलत होता. इस्मेनियाला एकदम संताप आला. मी तुला कधी काय मागितलं? एवढंच मागितलं की शक्ती दे. दर रात्री मागितलं. माणूस दगडाकडे मागत राहिला असता तर दगडानं कूस बदलली असती. सेवा कर म्हणतोस. तू सेवा केलीस म्हणतात. बारा शिष्यांचे पाय धुतलेस, एकदा, गुरुवारी. आणि शुक्रवारी क्रुसावर मरून सुटलास. हे वाक्य मनात उमटलं आणि ती घाबरून आईकडे पाहायला लागली, जणू आईनं ते ऐकलं असेल. आई मेणबत्तीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, भीती नाही, भक्ती नाही, नुसता उजेड. इस्मेनियाला वाटलं, आता काहीतरी होईल. तिनं इतक्या घरी पाहिलं होतं, नाव विसरलेली माणसं प्रार्थनेची ओळ बरोबर म्हणत. ती वाट पाहत राहिली. "हे आमच्या पित्या," तिनं हळूच सुरुवात करून दिली. आईनं जांभई दिली.

चहाच्या वेळेला तिनं पाव दुधात कुस्करला, वाटी घेतली, आईसमोर बसली. सकाळपासून पहिल्यांदाच ती वाटी घेऊन बसत होती. हात नीट होता. ती त्याच्यावर नजर ठेवून होती. तिनं चमचा भरला आणि उचलला. आणि आईनं डोळे घट्ट मिटून मान बाजूला फिरवली. खांदा वर घेतला, गाल खांद्यात लपवला. नको म्हणून फिरवावी तशी नाही. इस्मेनियाला नको म्हणून फिरवलेली मान रोज दिसायची, ती वेगळी. ही मान चुकवत होती. जी बाई पोटच्या पोरीचं नाव, घर, नवऱ्याचं मरण, सगळं विसरली होती तिनं एवढं एक लक्षात ठेवलं होतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. इस्मेनियानं चमचा खाली ठेवला. "नाही मारणार," ती म्हणाली. आईनं डोळे उघडले नाहीत. "आई, नाही मारणार गं." आणि हे आपण खरं बोलतोय की नाही ते तिला माहीत नव्हतं.

पलीकडे मँडोलिनच्या तारा जुळवल्याचा आवाज येत होता. इस्मेनिया किती वेळ तो ऐकत बसली कुणास ठाऊक. मग उठली आणि भिंतीवर मुठीनं थाप मारली. आपण काय करतोय हे तिला थाप मारून झाल्यावर कळलं. तारा थांबल्या.

नोएमी आली ती पांढऱ्या सदऱ्यात, केस ओले करून घट्ट बांधलेले, मँडोलिन पाठीवर. "काय झालं? पडली का?"

"नाही." इस्मेनिया टेबलाकडे पाठ करून उभी होती. "डबी परत न्यायचीय. मिस्सेला. तू थोडं बसशील का?"

"आता? आता आमची प्रार्थना सुरू व्हायची वेळ आहे, दोन्या इस्मे."

"मग राहू दे."

"राहू दे काय. बसते की. आमच्यात पण देव आहे, एक रविवार मँडोलिनशिवाय चालवून घेईल." तिनं मँडोलिन दाराला टेकवलं आणि मग इस्मेनियाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "एवढंच सांगायचं होतं?"

"मी तिला मारलं," इस्मेनिया म्हणाली. "सकाळी. तोंडात."

"माहीत आहे मला."

इस्मेनियाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"भिंत कुठंय आपल्या मधे," नोएमी म्हणाली. "पत्रा आहे. तुम्ही चमचा आपटता तोही मला ऐकू येतो. आज आवाज वेगळा होता."

"मग बोलली का नाहीस? सकाळी आलीस, बसलीस, मोजा शिवलास."

"काय बोलू? इतकी वर्षं शेजारी राहते, तुम्ही माझ्याकडून कधी चिमूटभर साखर घेतली नाहीत. मी तळलेला घारगा तुम्ही आभार मानून घेता आणि कुत्र्याला घालता. बघितलंय मी. तुम्हाला मी कोण सांगणारी?"

"मी नवस बोललेय, नोएमी. दुसऱ्याचा हात लागू देणार नाही असा. तुला ठाऊक आहे."

"नवस तुम्ही बोललात," नोएमी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "मार तिनं खाल्ला."

बाहेर कोपऱ्यावर तिच्या लोकांनी गिटारी वाजवायला सुरुवात केली होती. इस्मेनियाला राग आला. ही तेलाच्या वासाची बाई, हिला लिहिता धड येत नाही, हिच्या पंथात माउलीला मान नाही, आणि ही माझ्या घरात उभी राहून मला शिकवते. तो राग तिनं आतल्या आत शेवटपर्यंत जाऊ दिला, आणि त्याच्या शेवटी तिला काहीच सापडलं नाही, एक आईचे मिटलेले डोळे सोडून. नोएमीनं तिची वाट पाहिली नाही. तिनं पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, खुर्ची ओढली, वाटी घेतली. चमचा एकदम तोंडाशी नेला नाही. आधी स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि आईला हातगाडीवरची गोष्ट सांगायला लागली, कुणा ड्रायव्हरनं सुट्टे पैसे नाहीत म्हणून टोपी गहाण ठेवली ती. आईनं एक डोळा उघडला. खूप वेळानं तोंड उघडलं. घास घेतला, गालात धरला, आणि सावकाश हनुवटीवरून सोडून दिला, नोएमीच्या सदऱ्यावर.

इस्मेनियाला बरं वाटलं. हिच्याशीही तसंच करते, असं वाटून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची तिला शिसारी आली.

"थुंकते की ओ म्हातारी," नोएमी म्हणाली आणि अभ्र्याचं टोक ओढून सदरा पुसला. मेणबत्ती हलली. "बरं, नाही तर नाही. परत बघू. मला कुठं जायचंय?"

इस्मेनियानं डबी उचलली, पिशवीत घातली, पिशवी गळ्यात. कोट चढवला. दारापर्यंत गेली. संध्याकाळी फादरना काय सांगायचं ते आता कठीण नव्हतं, एकदा सांगून झालं होतं. कठीण ते पुढचंच होतं. ती परत वळली. "उद्या सकाळी," ती म्हणाली, आणि पुढचे शब्द तिला मिळेनात. मागायची तिला सवय होती ती देवाकडे. तो लगेच हो किंवा नाही म्हणत नाही, त्यामुळे ते सोपं जायचं. नोएमी चमचा हातात धरून तिच्याकडे पाहत होती आणि शब्द हुडकायला काहीही मदत करत नव्हती.

"उद्या सकाळी येशील का? तिच्या खाण्याच्या वेळेला."

"गाडी लावायच्या आधी येईन," नोएमी म्हणाली. "भरवीन. पण तुम्ही त्या वेळी इथं खोलीत थांबायचं नाही."

इस्मेनियाचे कान तापले. "मग कुठं जाऊ मी?"

"माझ्याकडे. चहा करून ठेवते. दार उघडंच असतं माझं. बसायचं, प्यायचा, मी येईपर्यंत उठायचं नाही."

एवढ्या वर्षांत टेकडीवरच्या प्रत्येक आजाऱ्याची खाट कोणत्या भिंतीला आहे ते इस्मेनियाला डोळे मिटून सांगता आलं असतं. पत्र्यापलीकडच्या घरात ती एकदाही गेली नव्हती. "कप कुठं असतात तुझे?" तिनं विचारलं.